सतरा नंबरचं रक्त

१

सोमवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्रीझरच्या खोलीत, ते फ्रीझर सांभाळणाऱ्या बर्फकाकांचा पाय ओल्या फरशीवरून सटकला आणि विद्यापीठाची बारा वर्षांची मेहनत पाण्यात गेल्याचं सगळ्यांत आधी त्यांना कळलं. तीन नंबरच्या फ्रीझरचा दिवा विझलेला होता. भिंतीतला प्लग काढून वायर नीट गुंडाळून वर ठेवलेली होती. घाईगडबडीत केलेलं काम नव्हतं ते.

त्या फ्रीझरमध्ये एकतीस माणसांचं रक्त होतं, उणे ऐंशी अंशांवर गोठवलेलं. ही माणसं साधीसुधी नव्हती. एचआयव्ही त्यांच्या अंगात शिरला होता, पण औषधाची एक गोळीही न घेता ती वर्षानुवर्षं धडधाकट राहिली होती. भाडं थकलेला भाडेकरू जसा मालकासमोर तोंड लपवून राहतो, तसा तो विषाणू त्यांच्या शरीरात राहत होता. त्यांचं शरीर हे कसं साधतं ते कळलं, तर उद्या लाखो लोकांना उपयोग होणार होता. त्यासाठीच गुरुवारी सात जणांची समिती येणार होती. विषाणूंवरच्या संशोधनाचं मोठं अनुदान एचआयव्ही विभागाला द्यायचं की नव्या विषाणूंच्या विभागाला, याचा फैसला ती जागेवर येऊन करणार होती.

मेट्रनबाई अकरा वाजता तिथे पोचल्या तेव्हा फ्रीझरचं दार सताड उघडं होतं आणि आतले कप्पे पुसल्यासारखे रिकामे होते. एचआयव्ही विभागाच्या सरांनी सगळं लगेच जाळायला पाठवलं होतं. वितळलेलं रक्त धोक्याचं, क्षणभरही ठेवता येणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. ते चुकीचं नव्हतं. सर खुर्चीत डोकं धरून बसले होते आणि दोघंतिघं त्यांना पाणी देत होते.

मेट्रनबाई तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या रुग्णालयातून निवृत्त झाल्या होत्या. त्या एकतीस जणांचं रक्त पहिली नऊ वर्षं त्यांनीच काढलं होतं. आता त्या नीतिमत्ता समितीवर होत्या. पेशंटने गोळी गिळली की जिभेखाली लपवली हे त्याच्या तोंडाकडे बघून ओळखणारी बाई, अशी त्यांची ख्याती होती. म्हणूनच कुलगुरूंनी त्यांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. गुरुवारच्या आत पोलिसांचा गणवेश इमारतीत दिसायला नको होता, आणि गुन्हेगार मात्र सापडायला हवा होता. तुम्ही बघाल का, असं त्यांनी विचारलं.

मेट्रनबाई वाक्य संपायच्या आत हो म्हणाल्या. कुलगुरूंना वाटलं, बाई कामाची फार निष्ठावान आहे.

त्यांना ठाऊक नव्हतं, कुणालाच ठाऊक नव्हतं, की सतरा नंबरचं रक्त मेट्रनबाईंच्या धाकट्या भावाचं होतं.

२

धाकटा गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. तपासणीचा कागद हातात घेऊन तो बहिणीकडे आला, तेव्हा तिने त्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आपलं नातं इथे कुणाला सांगू नकोस. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे ते लपलंही. पुढे तो एकतीस जणांत आला. दर तीन महिन्यांनी बाही वर करून तो सख्ख्या बहिणीसमोर बसायचा आणि तिला सगळ्यांसारखं ‘सिस्टर’ म्हणायचा. ज्या रोगाला सगळं घर घाबरलं त्याने धाकट्याचा केसही वाकडा केला नाही. चार वर्षांपूर्वी ट्रकखाली काम करताना जॅक घसरला, आणि संपलं. त्याच्या मागे राहिलं होतं ते फ्रीझरमधल्या सहा नळ्यांतलं रक्त. सरांनी एकदा त्या नळ्या दाखवून सांगितलं होतं, की आमच्याकडचं सगळ्यांत मोलाचं रक्त सतरा नंबरचं आहे. ते ऐकून त्या दिवशी मेट्रनबाई स्वच्छतागृहात जाऊन रडल्या होत्या.

ज्याने तो प्लग काढला त्याला त्या सोडणार नव्हत्या. त्यांना न्याय वगैरे काही नको होता. त्या माणसाला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

फ्रीझर बंद पडला की धोक्याची सूचना थेट फोनवर जायची. ती गेली नव्हती, कारण सूचनेच्या पेटीतलं सिमकार्ड कुणीतरी काढलं होतं. शुक्रवारी पाच वाजता फ्रीझर चालू होता, म्हणजे जे झालं ते शनिवार-रविवारच्या सुट्टीत झालं होतं. पेटी कुलपात असायची. किल्ल्या तिघांकडे होत्या: सर, बर्फकाका आणि नव्या विषाणूंच्या विभागाची प्रमुख. ती गुहांमधून वटवाघळं पकडून त्यांच्या अंगातले विषाणू शोधायची, म्हणून सगळे तिला मागून वटवाघूळबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि आवडतही असावं.

पहिला संशय तिच्यावरच जाणार. महिन्यापूर्वी भर बैठकीत ती म्हणाली होती, की जुन्या रोगाला किती दिवस कडेवर घेऊन फिरणार, दारात नवे येऊन उभे आहेत. मेट्रनबाई तिच्या खोलीत गेल्या तेव्हा ती बुटाचा चिखल चमच्याने खरवडत होती. शनिवारी आपण दिवसभर गुहेत होतो, दोन विद्यार्थी बरोबर होते, रविवारी रात्री परतलो, असं तिने सांगितलं. विद्यार्थ्यांनी तेच सांगितलं, आणि त्यांच्या बुटांनाही तोच लाल चिखल होता.

“तुम्हाला वाटतं मी खूश असेन,” वटवाघूळबाई म्हणाली. “सरांशी माझं वाकडं आहे, ते खरंच. पण आता सगळी समिती त्यांच्यासाठी हळहळणार. मी गुरुवारसाठी माझी एकेक नळी मोजून लावून ठेवली होती. दोन्ही विभागांचे फ्रीझर उघडून ते मोजणार होते ना. आता माझ्या नळ्यांकडे कोण बघतंय?”

सरांची संशोधक विद्यार्थिनी, जिला सगळे चष्मेवाली म्हणत, तिच्याकडे किल्ली नव्हती, पण राग होता. तिशीची बाई, एका मुलीची आई. सतरा नंबरची एक नळी मला पुन्हा तपासायची आहे, असं ती तीन महिने सरांच्या मागे लागली होती, आणि सर आज देतो, उद्या देतो करत होते. शेवटी तिने लेखी तक्रार केली, तर सरांनी पुढच्या लेखातून तिचं नावच काढून टाकलं. शनिवारी ती मुलीच्या शाळेत होती. हे सगळं तिने न विचारता सांगितलं, आणि ती पुन्हा पुन्हा सतरा नंबर म्हणाली तेव्हा मेट्रनबाईंना दुसरीकडे बघावं लागलं.

राहिले बर्फकाका. तीस वर्षं त्यांनी ते फ्रीझर पोटच्या पोरांसारखे सांभाळले होते. पण अनुदान आलं की नवी यंत्रणा येणार आणि त्यांचं कंत्राट संपणार, हे सरांनी त्यांना मागच्या महिन्यातच सांगितलं होतं.

मंगळवारी दुपारी त्यांच्या टेबलाचा खण उघडला. मागच्या कोपऱ्यात कागदाच्या पुडीत ते सिमकार्ड होतं.

३

मेट्रनबाईंनी ते सगळ्यांना बोलावून दाखवलं. एकांतात विचारता आलं असतं, पण त्यांना एकांत नकोच होता. विभागातले वीस जण उभे होते, आणि सरही होते, खाली मान घालून. काकांनी त्या पुडीकडे पाहिलं आणि हे इथे कसं आलं ते मला माहीत नाही, एवढंच सांगितलं.

मग मेट्रनबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. ज्या ताटात जेवलात त्यालाच भोक पाडलंत, म्हणाल्या. मेलेल्या माणसांचं रक्तसुद्धा सोडलं नाहीत, म्हणाल्या. त्या माणसांना कुणी भाऊबहीण असेल असं एकदाही मनात आलं नाही का, असंही म्हणाल्या. काकांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, डबा पिशवीत घातला आणि ते जिन्याने खाली गेले. तीस वर्षांत ते पहिल्यांदाच पाचच्या आधी घरी निघाले होते.

कुलगुरूंनी लगेच निलंबनाचा कागद काढला. सरांनी मेट्रनबाईंचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. समिती आता आपली बाजू समजून घेईल, असं ते म्हणाले.

मेट्रनबाईंना फार बरं वाटलं. ते बरं वाटणं साधारण पंधरा मिनिटं टिकलं.

जाता जाता मजल्यावरच्या सफाईच्या मावशी भेटल्या. सोमवारची फरशी त्यांनीच पुसली होती. मेट्रनबाई सहज म्हणाल्या, की केवढं पाणी झालं असेल, तुमच्या कमरेचा काटा ढिला झाला असेल.

“कुठलं हो बाई,” मावशी म्हणाल्या. “एका फडक्यात आटपलं. पिळायलासुद्धा लागलं नाही.”

मेट्रनबाई पुढे गेल्या, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबल्या.

४

ऐन उमेदीत त्या लसीकरणाला हिंडल्या होत्या. खांद्याला लशीचा डबा असायचा. त्या कामातली पहिली शिकवण ही, की डबा गच्च भरलेला असला तर उन्हातान्हातही दोन दिवस गार राहतो. रिकामा डबा मात्र दुपारपर्यंतच तापतो. गारवा हवेत टिकत नाही, तो आतल्या गोठलेल्या वस्तूत टिकतो.

त्या उलट्या पावली वर गेल्या आणि चष्मेवालीला गाठलं. फ्रीझरमध्ये बॅटरीवर चालणारा एक छोटा तापमापक होता. वीज गेली तरी तो दर दहा मिनिटांनी आकडा नोंदवायचा आणि ती नोंद संगणकात साठायची. चष्मेवालीने पडद्यावर आलेख काढला. शनिवारी दुपारी तीनला रेघ वर चढायला लागली होती. रविवारी उजाडेपर्यंत ती खोलीच्या तापमानाला टेकली होती.

“हे फार लवकर झालं का?” मेट्रनबाईंनी विचारलं.

चष्मेवालीला ठाऊक नव्हतं. असं आधी कधी घडलं असेल तर ते एकाच माणसाला आठवेल, असं ती म्हणाली. तो माणूस कोण, हे बोलून दाखवायची गरज नव्हती.

बुधवारी सकाळी मेट्रनबाई काकांच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर होतं, दारात चपला सरळ रेषेत लावलेल्या. दार काकांच्या बायकोने उघडलं. तिने या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. मेट्रनबाईंनी तिला वहिनी म्हणून हाक मारली, तेव्हा ती म्हणाली, की नातं जोडू नका, काय विचारायचं ते विचारा आणि निघा. काका खिडकीपाशी बसून मोडक्या पंख्याचे स्क्रू काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण प्रश्न फ्रीझरचा होता, म्हणून उत्तर दिलं.

तीन वर्षांपूर्वी हाच फ्रीझर असाच बंद पडला होता. तीस तास वीज नव्हती. काकांनी उघडून पाहिलं तेव्हा मधल्या कप्प्यांतल्या नळ्या दगडासारख्या होत्या. एकही वाया गेली नाही.

मेट्रनबाईंनी विचारलं, की सोमवारी तुम्ही आतले डबे उचललेत का. त्यांचं वजन कसं होतं?

काकांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. त्यांनी उचलले नव्हते. सरांनी कुणालाच हात लावू दिला नव्हता. काका, तुमचं वय झालंय, संसर्ग नको, असं म्हणून सरांनी एकट्याने सगळे डबे लाल पिशव्यांत भरले होते.

“तीस वर्षांत त्यांनी माझी काळजी केलेली ती पहिलीच वेळ,” काका म्हणाले आणि पुन्हा पंख्याकडे वळले.

मेट्रनबाईंनी हात जोडून माफी मागितली. वहिनींनी दार लावलं, जोरात नाही, नीट, कडी सरकवून.

५

लाल पिशव्यांची गाडी विद्यापीठात दर बुधवारी येते. रुग्णालयातला सगळा धोकादायक कचरा ती जाळायच्या भट्टीवर नेते. त्या दिवशी बुधवारच होता. मेट्रनबाई मागच्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर त्यांना जुन्या काळापासून ओळखत होता. आपली गुडघेदुखी त्याने आधी सविस्तर सांगितली, ती त्यांनी ऐकून घेतली, आणि मग सोमवारी जादा फेरी कशी काय मारलीत ते विचारलं.

त्याने सहज सांगितलं, की फोन आला होता ना. सोमवारी साडेदहाला तिसऱ्या मजल्याखाली गाडी लावा, उशीर करू नका, म्हणून.

सोमवारी सकाळी फोन आला का, असं मेट्रनबाईंनी विचारलं.

“नाही, नाही. शुक्रवारीच. एचआयव्हीच्या सरांनी स्वतः केला होता.”

म्हणजे रक्त नासल्याचं काकांना कळायच्या तीन दिवस आधी ते जाळायची गाडी ठरली होती.

मेट्रनबाई फाटकाच्या भिंतीला टेकल्या. सगळं एका ओळीत लागलं. गुरुवारी समिती नळ्या मोजणार होती. चष्मेवालीला तीन महिने एक नळी मिळत नव्हती. फ्रीझर रिकाम्या डब्यासारखा तापला होता आणि पाणी निघालं होतं एका फडक्याएवढं. नासायला तिथे रक्त नव्हतंच. फ्रीझर बंद पाडला होता तो रक्त नासवण्यासाठी नव्हे, तर रक्त तिथे नाही हे लपवण्यासाठी. आणि सिमकार्ड कुणाच्या खणात ठेवायचं, हेही त्याच हाताने ठरवलं होतं.

मग धाकट्याचं रक्त कुठे होतं?

६

सरांनी नाकारलं नाही. हेच मेट्रनबाईंना सगळ्यांत जास्त झोंबलं. त्यांनी खोलीचं दार लावलं, खुर्ची पुढे केली आणि एखाद्या विद्यार्थ्याला समजावून सांगावं तसं सांगितलं.

दोन वर्षं अनुदान बंद होतं. अर्जामागून अर्ज गेले. एचआयव्हीवर पुष्कळ झालं, आता नवं काहीतरी आणा, असं उत्तर यायचं. फ्रीझर चालवायला वीज लागते, आणि विद्यापीठाने हात वर केले होते. त्याच वेळी एका औषध कंपनीने विचारणा केली; तिचं नावही त्यांनी सांगून टाकलं. तिला फॉर्म नको होते, बैठका नको होत्या, फक्त रक्त हवं होतं. विभागाचं वीजबिल ती भरणार होती, आणि औषध निघालं तर त्यावर सरांचं नाव लागणार होतं. सुट्टीच्या दिवसांत सरांनी कोरड्या बर्फाच्या पेट्यांतून थोडं थोडं करत सगळं रक्त पोचवलं आणि डब्यांत रिकाम्या नळ्या लावल्या. एकतीस जणांना विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हणाले नसते, असं त्यांनी सांगितलं.

“म्हणजे रक्त विकून तुम्ही रिकाम्या फ्रीझरचं बिल भरलंत,” मेट्रनबाई म्हणाल्या.

सरांना ते लागलं, पण ते गडबडले नाहीत. तुम्ही उद्या बोललात तर काय होईल ते बघा, म्हणाले. अनुदान वटवाघळांना जाईल. विभाग बंद होईल. ज्यांच्यासाठी तुम्हाला एवढं वाटतं, त्या एकतीस जणांना कुणी वाली उरणार नाही. आणि गप्प राहिलात तर समिती हळहळेल, अनुदान देईल, आणि मी सगळ्यांचं रक्त पुन्हा घेईन. काकांची सोयही करू. कुणाचंच नुकसान नाही.

“सहा जण वारलेत,” मेट्रनबाई म्हणाल्या. “त्यांचं कुठून घेणार?”

त्यावर सरांनी हात झटकला. वारलेल्यांचं तर आधीच संपलं, असं त्यांनी सांगितलं. कंपनीने सगळ्यांत आधी सतरा नंबरच्या सहाही नळ्या वापरल्या, सगळं औषध त्यावरच तर उभं आहे.

“मेलेल्यांचं बरं असतं, बाई,” सर म्हणाले. “त्यांच्या वतीने विचारायला कुणी येत नाही.”

मेट्रनबाई उठल्या. पदर नीट केला, खुर्ची जागेवर सरकवली. विचार करते, म्हणाल्या. सरांना वाटलं, बाई व्यवहारी आहे.

७

संमतीपत्र नावाचा एक कागद असतो. माणसाने रक्त दिलं की त्यावर सही घेतात, आणि तो कागद पुन्हा कुणी वाचत नाही. त्यातली शेवटची ओळ मेट्रनबाईंनी नऊ वर्षं प्रत्येकाला वाचून दाखवली होती: मी ही संमती केव्हाही, कारण न देता, मागे घेऊ शकतो. बारा वर्षांत ती ओळ कुणी वापरली नव्हती.

बुधवारी दुपारी दोनपासून त्या आणि चष्मेवाली दोन दिशांना निघाल्या. पंचवीस जण हयात होते. मेट्रनबाईंना प्रत्येकाचा दंड आठवत होता, कुणाची शीर पटकन सापडायची, कोण सुई बघून तोंड फिरवायचं. एक शिंपीण होती, एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, एक निवृत्त पोस्टमन होता. त्या कुणाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना संशय येणार नाही अशा बेताने गेल्या, दारात हळू आवाजात बोलल्या. पोस्टमनने सगळं ऐकून एकच विचारलं, की माझं रक्त कुठे आहे हे मलाच माहीत नाही, असं तुम्ही सांगताय ना? शिंपिणीने मशीन थांबवलं नाही. शिवण पूर्ण केली, दोरा तोडला आणि मग सही केली. एकाने दार उघडलंच नाही. तिघं गाव सोडून गेले होते. दोघं म्हणाले, जाऊ द्या, आम्हाला भानगडी नकोत.

सह्या झाल्या एकोणीस.

गुरुवारी अकरा वाजता सभागृहात सर बोलायला उभे राहिले. फार चांगलं बोलले. बारा वर्षं, एकतीस माणसं, एका माथेफिरूने काढलेला एक प्लग. समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. वटवाघूळबाई छताकडे बघत होती. मग कुलगुरूंनी चौकशीचा अहवाल मांडायला मेट्रनबाईंना बोलावलं, आणि सरांनी त्यांच्याकडे बघून हलकेच मान डोलावली.

मेट्रनबाईंनी आवाज चढवला नाही. वॉर्डात डॉक्टरांना रात्रीचा वृत्तांत द्यावा तसं त्यांनी एकेक सांगितलं. एक फडकं पाणी. आलेखाची रेघ, आणि तीन वर्षांपूर्वीचे तीस तास. नळी मागणारी मुलगी. शुक्रवारचा फोन, ड्रायव्हर बाहेर बसला आहे, विचारून घ्या. कंपनीचं नाव त्यांनी कागदावर लिहून अध्यक्षांपुढे ठेवलं. आणि काल बंद दाराआड सरांनी काय काय कबूल केलं, तेही सांगितलं.

सर उठले. हा एका निवृत्त बाईचा कल्पनाविलास आहे, असं त्यांनी सुरू केलं.

मेट्रनबाईंनी पिशवीतून एकोणीस पाकिटं काढली आणि अध्यक्षांपुढे एकावर एक रचली. आत फक्त नंबर आणि सह्या होत्या, नावं सीलबंद. या माणसांनी संमती मागे घेतली आहे, त्या म्हणाल्या. त्यांचं रक्त ज्याच्याकडे असेल त्याने परत करायचं. त्या रक्तातून जे लिहिलं, जे बनवलं, ते सगळं थांबवायचं. कंपनीने, आणि सरांनीही.

सभागृहात कुजबुज झाली. सरांचे बारा वर्षांचे सगळे लेख त्या गठ्ठ्याखाली आले होते, हे तिथल्या प्रत्येकाला समजलं. सरांनी टेबलाला धरलं. तरीही ते हुशार माणूस होते. औषध सतरा नंबरवर उभं आहे, ते म्हणाले, आणि सतरा नंबर हयात नाही. त्याची संमती कुणी मागे घेऊ शकत नाही. एवढं बोलून गेल्यावर आपण काय कबूल केलं ते त्यांच्या लक्षात आलं, पण शब्द निसटला होता.

“घेऊ शकतं,” मेट्रनबाई म्हणाल्या. “जवळचं नातेवाईक.”

त्यांनी विसावं पाकीट ठेवलं. ते उघडंच होतं. अध्यक्षांनी कागद काढून वाचला, मग पुन्हा वाचला. नातं या शब्दापुढे लिहिलं होतं: सख्खी बहीण. खाली मेट्रनबाईंचं पूर्ण नाव होतं, माहेरच्या आडनावासकट. जी गोष्ट त्यांनी बारा वर्षं लाजेपोटी लपवली, ती त्यांनी साठ माणसांसमोर टेबलावर ठेवली होती.

मग त्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. रंग कपाळापासून उतरत गेला, ओठांपर्यंत. त्यांनी तो शेवटपर्यंत उतरू दिला, नजर काढली नाही.

८

बाहेर व्हरांड्यात वटवाघूळबाईने त्यांना गाठलं. सतरा नंबर काढून घेतलात, ती म्हणाली, ते औषध चार-पाच वर्षं तरी मागे गेलं. त्या वेळात माणसं मरतील. हे तुम्हाला कळतंय ना?

मेट्रनबाई म्हणाल्या, कळतंय. आणि त्या जिना उतरायला लागल्या.

त्या वर्षी अनुदान कुणालाच मिळालं नाही. पुढच्या वर्षी दोन्ही विभागांचा एकत्र अर्ज गेला. जुन्या विषाणूला शरीर कसं दाबतं ते कळलं तर नव्यालाही दाबता येईल, असं वटवाघूळबाई आणि चष्मेवालीने मिळून लिहिलं होतं, आणि तो मंजूर झाला. त्यासाठी नवीन संमतीपत्र झालं. एकोणीसपैकी चौदा जण पुन्हा आले. शिंपिणीने सही करण्याआधी सगळा कागद मोठ्याने वाचायला लावला, दोनदा.

सर बडतर्फ झाले. कंपनीने त्यांना ओळखच दाखवली नाही. एकदा औषधाच्या दुकानात ते मेट्रनबाईंच्या पुढे रांगेत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं, चिठ्ठी खिशात घातली आणि औषध न घेताच निघून गेले. सूड घेतला की मन पोकळ होतं, असं लोक सांगतात. मेट्रनबाईंचं झालं नाही. त्या घरी गेल्या, पोटभर जेवल्या आणि गाढ झोपल्या.

बर्फकाकांना सन्मानाने परत बोलावलं. कुलगुरूंनी सगळ्यांसमोर दिलगिरी व्यक्त केली. मेट्रनबाईंनीही केली, त्याच वीस माणसांसमोर, त्याच टेबलापाशी उभं राहून. काकांनी ऐकून घेतलं आणि ते कामाला लागले.

आता मेट्रनबाई दर सोमवारी नीतिमत्ता समितीच्या कामाला येतात. काका जिन्यात भेटतात. चष्मेवालीशी ते हसून बोलतात, सफाईच्या मावशींची चौकशी करतात, वटवाघूळबाईला चिखलाचे बूट बाहेर काढायला लावतात. मेट्रनबाई दिसल्या की ते बाजूला सरून अदबीने वाट देतात, आणि त्या नमस्कार म्हणतात तेव्हा भिंतीकडे बघतात. दोन वर्षं झाली, एक शब्द नाही. चष्मेवाली एकदा म्हणाली, की मी त्यांना समजावू का?

मेट्रनबाईंनी नको म्हटलं. तो हिशेब कोणत्या जातीचा आहे, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं; तसाच एक त्यांनी स्वतः सरांशी चुकता केला होता. दर सोमवारी त्या नमस्कार म्हणतात, काका भिंतीकडे बघतात, आणि त्या जिना चढून वर जातात.